पोरं रानात नेण्याआधी: मावशीचे कानमंत्र

अगं, कॉलेजात रुजू होऊन महिना नाही झाला आणि एनएसएस गळ्यात पडलं म्हणतेस. पडलं कसलं, घातलं. नव्या माणसाच्या गळ्यात ते सगळीकडेच घालतात. तोंड पाडू नकोस. साताऱ्यात आहेस, पाठीशी अजिंक्यतारा, वर कासचं पठार, खाली शेतं. मधमाश्या, भुंगे, फुलपाखरं आणि त्यांची फुलं जपायचं काम पोरांकडून करून घ्यायला याहून बरी जागा कुठे मिळणार? वर्षाला प्रत्येक पोराचे १२० तास तुझ्या हाती आलेत, दोन वर्षांचे २४०. त्यांतले भाषणात किती घालवायचे आणि बांधावर किती, ते तू ठरव.

माझं सगळं म्हणणं एका ओळीत मावतं: लावण्यापेक्षा राखणं मोठं. पोरांच्या हाती एक तुकडा दे आणि तो वर्षभर राखायला लाव. बाकीचं खाली क्रमाने लिहिलंय. हसू आलं तर हस, पण करायला विसरू नकोस.

निघायच्या आधी

१. आठ तास एका रविवारी उरकू नकोस, दर शनिवारी दोन तास ठेव – फुलं आठवड्याला बदलतात, त्यांच्यावरचे किडेही बदलतात, आणि पोरांचा उत्साह तिसऱ्या तासाला आटतो.

२. प्राचार्यांच्या आधी माळीमामांना भेट – तुम्ही कौतुकाने राखलेलं गवत सोमवारी सकाळी तेच उपटणार, आणि त्यात त्यांची काही चूक नसणार. चहा पाज, कोपरा दाखव, आणि ‘इथे काढू नये’ ही पाटी त्यांच्याच हाताने रोवून घे.

३. कुणाच्या बांधावर जायचं तर आठवडाभर आधी विचार, वनखात्याची जागा असेल तर लेखी परवानगी काढ – आधी विचारणाऱ्याला चहा मिळतो, नंतर सांगणाऱ्याकडे खुलासा मागतात.

४. पोरांना न्यायच्या वेळेलाच आधी एकटी चालून ये – मोहोळ कुठे लटकलंय, विहीर कुठे उघडी आहे, सावली किती आहे ते दिसतं. मुलींसाठी स्वच्छतागृह किती लांब आहे तेही बघ. हे कुणी विचारत नाही, म्हणून तर तिसऱ्या शनिवारपासून मुली गळायला लागतात.

५. प्रत्येकाकडून चिठ्ठीवर लिहून घे: दमा आहे का, कशाची ॲलर्जी आहे का, घरचा नंबर काय – डंख बसल्यावर फाईल शोधायला सवड नसते.

६. पूर्ण बाह्या, लांब पँट, घोटा झाकणारे बूट. अत्तर, सुगंधी तेल आणि गजरा त्या दिवशी घरी – उग्र वासाने आणि गडद रंगाने आग्या माश्या बिथरतात. कपडे फिके असू देत, नट्टापट्टा गॅदरिंगला आहेच.

७. न्याहारी झाल्याशिवाय कुणाला फाटकाबाहेर काढू नकोस – होस्टेलची निम्मी पोरं सकाळी नुसत्या चहावर असतात, आणि पोटात भाकरी तर डोळ्यात फूल.

८. खाऊ कोरडा ठेव: गूळ-शेंगदाणे, दशम्या, चटणी – सरबताचं भांडं उघडं राहिलं की गांधीलमाश्या आमंत्रणाशिवाय पंगतीला बसतात.

९. नोंदवही पेन्सिलीने लिहायला सांग – साताऱ्याच्या पावसात शाईचा मजकूर दुपारपर्यंत टिकत नाही.

आधी बघायचं

१०. पहिले दोन शनिवार कुणाच्या हाती कुदळ देऊ नकोस – जागेवर काय आहे हे कळायच्या आत जो खणतो, तो नेमकं जपायचं तेच खणतो.

११. थंडीत सकाळी सातला नेऊन पोरांना कुडकुडवू नकोस, ऊन अंगावर आल्यावर ने – माशीलाही ऊब लागते, तोवर ती बाहेर पडत नाही. पावसाळ्यात मात्र उघडीप मिळेल तो तास आपला.

१२. दहा मिनिटांची मोजणी शिकव: फुललेल्या झुडपावर किंवा गवतात पन्नास सेंटिमीटर लांब-रुंद चौकट ठरवायची आणि दहा मिनिटांत फुलांवर कोण कोण आलं ते लिहायचं – ब्रिटनमध्ये देशभराच्या नोंदी साधी माणसं याच पद्धतीने करतात. खर्च शून्य, आणि सगळ्यांत चुळबुळ्या पोरालाही दहा मिनिटं गप्प बसता येतं.

१३. चौकटीमागे चार पोरं: एक बघणारा, एक लिहिणारा, एक घड्याळवाला आणि चौथा फुलावर कुणाची सावली पडू न देणारा – सावली पडली की माशी उठते, आणि काम वाटून दिलं की गप्पा कमी होतात.

१४. जो फुलाला टेकला तोच मोजायचा, वरून घिरट्या घालणारा धरायचा नाही – रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस काही आपल्याकडे आलेला नसतो.

१५. ‘शून्य’ लिहायची लाज वाटू देऊ नकोस – ढगाळ दिवशी कुणीच आलं नाही, हीसुद्धा पक्की नोंद आहे. पोरं बाईंना बरं वाटावं म्हणून दोन-तीन माश्या वाढवून लिहितात. प्रेमाने पकड आणि खोडायला लाव.

१६. मधमाशी आणि फुलमाशी यांतला फरक पहिल्या महिन्यात पक्का करून घे: मधमाशीला पंख चार आणि मिशा लांब, फुलमाशीला पंख दोन, मिशा आखूड आणि डोळे डोकंभर – पट्टे बघून पोरं दोघींनाही घाबरतात. फुलमाशीला डंखच नाही, आणि तिच्या कितीतरी जातींच्या अळ्या पिकावरचा मावा खातात.

१७. आपल्या चार माश्या घरावरून ओळखायला शिकव – आग्या उंच जागी एकच मोठं पोळं उघड्यावर लटकवते, फुलोरी झुडपात लहानसं पोळं बांधते, सातेरी ढोलीत पोळ्यांची रांग लावते, आणि पोयाची माशी भिंतीच्या फटीतून मेणाची बारीक नळी बाहेर काढते. पोयाची डंख मारत नाही. भित्र्यांची सुरुवात तिच्यापासून कर.

१८. वांग्याच्या फुलापाशी सगळ्यांना एकदा कान लावून बसव. भुंगा येतो, पिवळ्या परागकोशांना मिठी मारतो, पंख मिटून जागच्या जागी जोरात गुणगुणतो, त्याच्या आवाजाची पट्टी एकदम चढते आणि कोशांच्या टोकाच्या भोकांतून पिवळी पूड त्याच्या पोटावर सांडते – वांग्याचे पराग हलवून काढावे लागतात, आणि ही कला पेटीतल्या मधमाशीला येत नाही. एवढं एकदा पाहिलं की ‘मधमाश्या वाचल्या म्हणजे सगळं वाचलं’ असं कुणी पोर म्हणत नाही.

१९. एखादा फेरा संध्याकाळी काढ, पालकांना कळवून – दोडक्याचं फूल दिवस कलताना उमलतं आणि पडवळाचं रात्री, तेव्हा त्यांचे पाहुणे पतंग. दिवसाच मोजलंस तर निम्मी पाळी कामावर आलेली दिसणारच नाही.

२०. पिकत आलेलं उंबर सोलून दाखव – आत गांधीलमाश्यांच्या नात्यातल्या चिमुकल्या माश्या भरलेल्या असतात. उंबराची फुलं फळाच्या पोटातच असतात, आणि त्यांचं परागीकरण ही चिमुकली माशी आत शिरून करते. दत्ताचं झाड म्हणून उंबर आजवर टिकला. त्याच्या आत काय चाललंय हे कळल्यावर पोरांचा नमस्कार जरा खाली वाकतो.

२१. लिंबाच्या पानावरची काळी-पांढरी ‘घाण’ झटकू देऊ नकोस, नीट बघायला लाव – पाखराची शीट वाटते ती लिंबाच्या फुलपाखराची लहान अळी. मोठी होऊन हिरवी झाली की गवताच्या काडीने हलकेच टोच, डोक्यामागून नारिंगी-लाल दुबेळकं बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. एकदाच टोचायचं बरं का, सगळ्या वर्गाने रांग लावून नाही.

हात घालताना

२२. ‘एका दिवसात हजार रोपं’ या बातमीला भुलू नकोस – लावणारे शंभर, पाणी घालणारा एक, आणि तोही एप्रिलात परीक्षेला बसतो. मे महिन्यात कोण पाणी घालणार हे ठरल्यावर मगच रोपांचा आकडा ठरव.

२३. फुलझाडांइतकंच लक्ष पानांच्या झाडांकडे दे – फुलपाखराचं पाहुणपण फुलावर, बाळंतपण पानावर. लिंबू, कढीपत्ता, बेल, पानफुटी, रुई, तरवड, बहावा, सीताफळ यांपैकी पाच-सहा आवारात असली तरी अळ्यांचं घर होतं.

२४. कढीपत्ता कुरतडलेला दिसला की औषध आणायला धावू नकोस – अळी मारून फुलपाखरांची बाग होत नसते, आणि खाल्लेली पानं पुन्हा फुटतात.

२५. नीलवंत बघायचा असेल तर लिंबू कुळातली झाडं राख – त्याच्या अळ्या तीच पानं खातात. २०१५ साली महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखरू केलं, असा मान देणारं देशातलं ते पहिलं राज्य. पण फुलपाखराला सरकारी आदेशापेक्षा ईडलिंबू जास्त कळतं.

२६. कासच्या किंवा कुठल्याही सड्यावर झाडं लावायला खड्डे घेऊ नकोस – तिथली माती वीतभरसुद्धा नाही आणि फुलं त्याच नापीक मातीवर पोसलेली आहेत. दवबिंदू आणि सीतेची आसवं यांना माती काही देत नाही, म्हणूनच ती किडे पकडून खातात. माळ म्हणजे रिकामी जागा हा समज पोरांच्या डोक्यातून काढलास तर निम्मं काम झालं.

२७. बीजगोळे वरून भिरकावू नकोस – कुठलं बी कुठे पडलं याचा पत्ता लागत नाही, आणि उगवलंच तर नको तिथे उगवतं. पोरांना फेकायचंच असेल तर थाळीफेक आहे.

२८. नारिंगी कॉसमॉसची पाकिटं कुणी कौतुकाने आणून दिली तर आभार मानून कपाटात ठेव – रस्त्याकडेला लावलेला हा पाहुणा डोंगर चढतो आणि तेरडा, सोनकी यांची जागा घेतो.

२९. घाणेरी काढायची, पण टप्प्याटप्प्याने, आणि फुलपाखरं तिच्यावर बसतात हे ध्यानात ठेवून – एका शनिवारी सगळी साफ केलीस तर मागे त्यांना खायला काही उरत नाही. आधी शेजारी गावठी फुलझाड उभं कर, पाखराचं घरटं नाही याची खात्री कर, मग मुळासकट काढ.

३०. गाजरगवत फुलावर येण्याआधी उपटायचं, हातमोजे घालून – फुलल्यावर काढलं तर आपणच बी पसरवतो, आणि कातडीला खाज सुटते ती वेगळी. त्याच्या पानांवर फिकट पाठीवर गडद रेघांचे भुंगेरे दिसले तर हात लावू नका. ते मेक्सिकोतून मुद्दाम आणलेले आपलेच कामगार आहेत, गाजरगवतच खातात.

३१. कंबरमोडीला तण म्हणून शिव्या देऊ नकोस – आली असेल परदेशातून, पण कडक उन्हात बाकी काही फुललेलं नसताना बारीक माश्यांची चूल तिच्यावर पेटते. मैदान कापायचंच असेल तर एकदम नको, एका आठवड्याला एक पट्टा.

३२. आवारातली थोडी माती उघडी राहू दे, पेव्हर ब्लॉक घालायला आलेल्याला तिथून परत पाठव – कितीतरी माश्या पोळं करत नाहीत, एकेकट्या जमिनीत बीळ करून राहतात. पेन्सिल जाईल एवढं भोक आणि भोवती मातीची चिमूट दिसली की चार काड्या रोवून जागा राख.

३३. पालापाचोळा पेटवू देऊ नकोस, कुंपणाकडेला ढीग लावायला सांग – त्यात कोष असतात, आणि आज पेटवलेला पाला म्हणजे पुढच्या ऋतूतली न उडालेली फुलपाखरं.

३४. बांबूच्या वीतभर नळ्या कापून जुडी बांध, मागचं टोक पेराने बंद असलेल्या, जाडी कमी-जास्त, आणि पागोळीखाली सकाळचं ऊन येईल अशी टांग – पान कापणाऱ्या माश्या गुलाबाच्या किंवा तुरीच्या पानांचे गोल तुकडे कापून त्यात अंड्यांसाठी खोल्या करतात. नळ्या दरवर्षी बदल, नाहीतर बुरशी आणि परजीवी भाडं न देता राहतात.

३५. उन्हाळ्यात उथळ थाळ्यात खडे घालून पाणी ठेव आणि तीन-चार दिवसांनी थाळा घासून घे – खड्यावर बसून माशी पाणी पिते, बुडत नाही. आणि थाळा घासला नाही तर मधमाश्यांआधी डास तयार होतात.

३६. साखरपाणी किंवा उघडा मध बाहेर ठेवायची माया करू नकोस – एका ताटावर जमून माश्या एकमेकींचे रोग घरी नेतात आणि वर भांडतात.

३७. मधपेटीची घाई करू नकोस – पेटी हे जनावर पाळण्याचं काम आहे, सुट्टीत कुलूप लावून जाता येत नाही. हौस दांडगी असेल तर महाबळेश्वरजवळच्या मांघरला पोरांना ने, २०२२ साली देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ झालं ते. किंवा पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संस्थेत, १९६२ पासून तिथे शिकवतात. आधी शिका, मग पेटी.

जपून

३८. आग्यामोहोळापासून लांबूनच वाट काढ, आणि त्याच्या जवळपास धूर, दगड, ढोल, ड्रोन काही नको – सह्याद्रीच्या किल्ल्यांवर माणसांना माश्या चावल्याच्या बातम्यांत बहुतेकदा कुणीतरी आधी यांतलंच काही केलेलं असतं.

३९. तरी उठल्याच तर डोकं-तोंड ओढणीने झाकून सरळ लांब पळायचं आणि बंद खोलीत किंवा गाडीत शिरायचं. हात झाडायचे नाहीत, पाण्यात उडी मारायची नाही – माश्या वर वाट बघत राहतात. हे सगळ्यांकडून निघण्याआधी मोठ्याने म्हणवून घे.

४०. काटा दिसला की लगेच नखाने खरवडून काढ – तो तिथे राहील तोवर विष आत जात राहतं, आणि त्याच्या वासाने बाकीच्या त्याच जागी येतात.

४१. ओठ-पापण्या सुजल्या, अंगावर पित्त उठलं, धाप लागली किंवा चक्कर आली तर घरगुती लेप करत बसू नकोस, १०८ ला फोन कर – अशा वेळी मिनिटं मोजायची असतात. डंख खूप बसले असतील तर पोर ‘मी ठीक आहे’ म्हणालं तरी दवाखान्यात ने.

४२. रुईवरच्या अळ्या बघताना पान तोडू देऊ नकोस – चीक हाताला लागतो, हात डोळ्याला जातो, आणि डोळ्याला तो फार वाईट.

४३. दगड उलटायचा तर काठीने, आपल्याकडे ओढून, आणि बघून झाल्यावर होता तसा ठेवायचा – खाली विंचू असेल तर दगड मध्ये राहतो, आणि कुणाचं घर असेल तर छप्पर परत मिळतं.

४४. दिवाळीनंतर झुडपांत शिरताना खाजकुयलीच्या शेंगा आधी ओळखून घे – एका शेंगेने अख्खं शिबिर नाचतं.

४५. वणवा विझवायला पोरं पाठवू नकोस, कितीही शूर असली तरी – ते शिकलेल्या माणसांचं काम. आपण थंडीत वनखात्याला जाळरेषा काढायला हातभार लावू आणि गावात बोलू. लागलेली आग विझवण्यापेक्षा न लागलेली स्वस्त.

४६. कॉलेजच्या टाकीखाली मोहोळ बसलं तर रात्री जाळायला माणूस बोलावू नका – आग्या माश्या ऋतू पाहून मुक्काम हलवतात, आपण तेवढे दिवस टाकीचा जिना बंद ठेवू. अगदीच नाइलाज असेल तर न मारता हलवणारा जाणकार शोधा.

पोरं टिकवताना

४७. प्रत्येक गटाला एक तुकडा दे आणि त्याचं नाव त्यांनाच ठेवू दे – कॉलेजसाठी पोर एकदा येतं, ‘आपल्या’ बांधासाठी पुन्हा पुन्हा. नाव चावट ठेवलं तर अहवालात तेवढं बदल.

४८. दुसऱ्या वर्षाच्या पोराबरोबर पहिल्या वर्षाचं पोर जोड – दोन वर्षांनी एक निघून जातं, पण उंबर कुठे आहे हे माहीत असलेलं दुसरं मागे राहतं.

४९. किड्यांना भिणाऱ्याला हसू नकोस, घड्याळ दे – दहा शनिवार लांबून बघितलं की तो आपणहून दोन पावलं पुढे येतो. ढकललेलं पोर मात्र कायमचं मागे जातं.

५०. शेतकऱ्याच्या आणि मेंढपाळाच्या घरच्या पोराला पुढे चालायला लाव – वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्याला इथे प्रत्येक झुडूप माहीत असतं, आणि त्याला ते पहिल्यांदाच कुणीतरी विचारतं.

५१. वाणिज्यवाल्यांना हिशेब, कलावाल्यांना गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी टिपायला दे – सगळ्यांना अळ्याच आवडल्या पाहिजेत असा कायदा नाही.

५२. फ्लेक्स नको आणि पाहुण्यांचं भाषणही नको. अगदी टळलंच नाही तर पाहुण्यांना एका चौकटीपाशी दहा मिनिटं मोजायला बसव – बोलणाऱ्याला बघायला लावलं की तो पुढच्या वेळी न बोलावता येतो.

५३. फोटो शेवटच्या पाच मिनिटांत, आणि आयनॅचरलिस्टसारख्या ॲपवर टाकताना दुर्मीळ आमरीचा नेमका ठिकाणा झाकायचा – फोटो पाहून कौतुक करणारे शंभर असतात, खुरपं घेऊन येणारा एक पुरतो.

५४. तासांची नोंद खरी ठेव, आला नाही त्याला तास नाही – एकाला फुकट दिलास की बाकीच्यांचा घाम स्वस्त होतो.

५५. पहिल्या शनिवारची गर्दी पाहून हुरळू नकोस – पहिल्या शनिवारी हौस येते, चौथ्या शनिवारी माणूस येतो. उरलेल्या बारा जणांवर वर्ष निघतं.

गावाशी

५६. शेतकऱ्याला मधमाशीचं महत्त्व सांगायला जाऊ नकोस, त्याच्या कांद्याच्या गोंड्यांवर माश्या पूर्वीइतक्या येतात का ते विचार – कांद्याचं बी धरायला माश्या लागतात हे तो तुझ्याआधीपासून जाणतो. त्याच्या उत्तराने पोरांचा तास भरतो.

५७. फवारणीबद्दल एवढंच बोल: पीक फुलात असताना शक्यतो नको, आणि मारायचीच तर माश्या घरी गेल्यावर, संध्याकाळी – ‘औषध मारूच नका’ म्हणणाऱ्याचं कुणी ऐकत नाही, ‘चार तास उशिरा मारा’ म्हणणाऱ्याचं ऐकतात.

५८. सात दिवसांच्या शिबिरात दत्तक गावच्या आज्यांकडून रानफुलांची आणि रानभाज्यांची नावं उतरवून घे, आणि वहीची प्रत त्यांच्या संमतीने ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीला दे – २००२ च्या कायद्याने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते, ती भरायला हात हवेच असतात.

५९. देवराईत शिरताना गावाचे नियम पाळ, चपला बाहेर म्हणाले तर बाहेर – त्या नियमांनीच तिथली फुलं आणि ढोलीतली सातेरी राखली आहे, आपल्या परिपत्रकाने नव्हे.

६०. कासला शंभर पोरं नेऊ नकोस. नेलीस तर थोडी, बुकिंग करून, आखलेल्या वाटेवरून – २०१२ पासून ते जागतिक वारसा आहे आणि फुलं पायाखालीही असतात. रोजचं काम कॉलेजच्या मागच्या बांधावरच कर, तिथे दुसरं कुणी येणार नाही.

६१. सप्टेंबर वाया घालवू नकोस – देशभर फुलपाखरं मोजायचा महिना तोच, पठारं फुललेली असतात, आणि २४ सप्टेंबर एनएसएसचा वाढदिवस, १९६९ चा. २० मेचा जागतिक मधमाशी दिन मात्र सुट्टीत येतो. त्या दिवशी जो पाण्याचा थाळा घासायला येईल त्याला माझ्याकडून आमरस.

६२. वर्षाअखेरीला आकडे ज्यांच्या बांधावरून घेतले त्यांना परत नेऊन दाखव, मराठीत, एका कागदावर – माहिती घेऊन गेलेला परत आला की गावाचा विश्वास बसतो, आणि पुढच्या वर्षी परवानगी मागायच्या आधी मिळते.

आता हे सगळं एका दमात करायला जाऊ नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे. या शनिवारी एवढंच कर: माळीमामांना चहा पाज, येतील तेवढी पोरं घे, न्याहारी दे आणि फुललेलं एखादं वांग्याचं झाड गाठून दहा मिनिटं बस. कोण आलं ते पेन्सिलीने लिही. कुणी आलं नाही तर शून्य लिही, आणि पुढच्या शनिवारी परत त्याच झाडापाशी जा.